बोळाच्या दाराची पट्टी

दाराची रबरी पट्टी कोण चोरतं हो? मला कोणीतरी नीट समजावून सांगा. लोक सोनं चोरतात, सायकली चोरतात, मी काम करते त्या दवाखान्यातून एकदा भिंतीवरचं घड्याळ गेलं होतं. ते मी समजू शकते. पण दाराच्या कडेकडेने बसवलेलं ते काळं रबर, फटीतून वारा येऊ नये म्हणून लावतात ते, ते ओढून काढून माणूस करणार काय? गळ्यात घालणार?

आमचं घर घेणं त्या पट्टीपायी अडलं होतं, म्हणून एवढी चिडचीड. बाकी सगळं ठरलं होतं, सह्या तेवढ्या राहिल्या होत्या. मी, आमचे हे आणि सासूबाई, आम्ही तिघं तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचो. जिना असा उभा की भाजीची पिशवी घेऊन वर आलं की आधी पाणी, मग बोलणं. गेल्या थंडीत सासूबाईंची छाती भरली. खोकून खोकून बाई अर्धी झाली. डॉक्टर म्हणाले, यांना जिने नकोत आणि अंगावर गार वारा तर मुळीच नको, पुन्हा असं झालं तर काही खरं नाही. त्या दिवसापासून मी कंबर कसली. तळमजल्यावरचं घर आणि सासूबाईंना स्वतःची उबदार खोली. बाकी काही नसलं तरी चालेल.

आणि मिळालं हो तसं घर. एका शिलाईवाल्या बाईंचं होतं. त्या मुलीकडे राहायला गेल्या होत्या, घर रिकामं, किल्ली एजंटकडे. पुढे दोन खोल्या, मग स्वयंपाकघर, स्वयंपाकघराच्या मागे एक अरुंद बोळ, आणि बोळाच्या पलीकडे चांगली ऐसपैस खोली, तिला लागूनच न्हाणीघर. मागच्या अंगणाचं दार बोळातच उघडायचं, त्यामुळे बोळ गारठलेला. पण खोलीचं दार बघाल तर असं भक्कम! चारी बाजूंनी रबर, खाली ब्रशची पट्टी, चौकट आणि भिंत यांच्यामधली फट पांढऱ्या सीलंटने बुजवलेली.

"इथे माझ्या मशिनी चालायच्या," बाई म्हणाल्या होत्या. "नवरा रात्रपाळीला जायचा, दिवसा झोपायचा. खडखडाटाने वैतागायचा बिचारा, म्हणून हे दार करून घेतलं. एकदा लावलं की आतलं बाहेर नाही न् बाहेरचं आत नाही."

मी तर तिथेच पाघळले. "आई, बघा! तुमची खोली, तुमचं न्हाणीघर, तुमचं दार. वाऱ्याची काय बिशाद!"

सासूबाई खोलीच्या मधोमध पर्स पोटाशी धरून उभ्या होत्या. "छान आहे," म्हणाल्या. मग इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "मोठी आहे." सासूबाईंच्या तोंडून एवढं कौतुक म्हणजे डोक्यावरून पाणी. हे माझ्याकडे बघून हसले आणि आम्ही घर पक्कं केलं.

पुढच्या आठवड्यात कपाटाची मापं घ्यायला गेलो, तर सासूबाई म्हणाल्या, मलाही न्या. नेलं. आम्ही पुढच्या खोल्यांत फीत धरून भांडत होतो, त्या मागे आपल्या खोलीत बसून राहिल्या. "सवय करते जरा," म्हणाल्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

घोळ सुरू झाला तो तपासणीच्या दिवशी.

घर घ्यायच्या आधी दाखवून घ्यावं म्हणून आम्ही एक तपासनीस बोलावला होता. हसणं पाप असल्यासारखा चेहरा. हातात पेटती मेणबत्ती घेऊन तो घरभर फिरला. खिडकीच्या कडेने, दाराच्या कडेने मेणबत्ती हळूहळू न्यायची, ज्योत हलली की समजायचं, इथे फट आहे. पुढचं दार पास, खिडक्या पास, एका खिडकीचं सीलंट तडकलं होतं तेवढं त्याने सांगितलं. बोळातून सासूबाईंच्या खोलीच्या दारापाशी गेला आणि मेणबत्ती विझलीच.

"इथे पट्टी नाही," तो म्हणाला.

"असं कसं? आहे की!" म्हणत मी पुढे झाले, आणि पाहते तर खरंच नाही. वरची नाही, बिजागरीच्या बाजूची नाही, खालचा ब्रशही गायब. चौकटीचं सीलंट एका अंगाने कापून काढलेलं.

"जुनं होऊन पडलं असेल," हे म्हणाले.

"पडलं असतं तर तुकडे दिसले असते. हे कोणीतरी काढलंय," तपासनीस म्हणाला.

"उंदीर," एजंट म्हणाला. एजंटकडे सगळ्याचं उत्तर तयार असतं.

"उंदीर?" मी म्हटलं. "इतकं सरळ कापतो? फूटपट्टी लावून?"

"मॅडम, रिकाम्या घरात उंदीर काहीही करतात."

तपासनिसाने शांतपणे समजावलं. काम काही मोठं नाही म्हणाला, पट्टी आणि सीलंट, सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम. पण सही करायच्या आधी विकणाऱ्याकडून करून घ्या, आणि केलेलं डोळ्यांनी बघा. घरात छातीचं दुखणं असलेलं माणूस असेल तर हे दार असं ठेवू नका.

"राहू दे गं," सासूबाई मागून म्हणाल्या. "एवढ्याशा फटीने काय होतंय?"

बघितलंत? स्वतःसाठी म्हणून कधी काही मागायचं नाही. मला भडभडून आलं, आणि भडभडून आलं की मी भांडते. तिथूनच शिलाईवाल्या बाईंना फोन लावला.

"मी कशाला काढू?" त्या फोनवरच तडकल्या. "त्या रबराचं मी काय करू, झालर लावू परकराला?"

"मग गेलं कुठे?"

"ते तुम्ही सांगा. जाता-येता तुम्ही आहात."

तरी बाई व्यवहाराला चोख. दोन दिवसांत सुतार पाठवला, नवीन पट्टी, नवीन ब्रश, सीलंट सगळं करून घेतलं. आम्ही रविवारी जाऊन बघितलं. मी स्वतः दार लावलं, कडेने बोट फिरवलं. वाऱ्याला शिरायला सुईएवढी जागा नव्हती. अगदी जीव भांड्यात पडला. मग आम्ही एजंटबरोबर अंगणात पाण्याची टाकी बघायला गेलो, सासूबाई त्यांच्या खोलीत टेकल्या, आणि थोड्या वेळाने सगळे घरी आलो.

पुढच्या खेपेला गेलो तर पट्टी पुन्हा नाही!

मी दाराकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, एजंटकडे बघितलं. एजंटने तोंड उघडलं तेव्हा मी म्हटलं, "उंदीर म्हणालात तर बघा." त्याने मिटलं. कुलूप शाबूत, खिडक्या बंद, नळ जागेवर, दिवे जागेवर, आणि पट्टी तेवढी गेलेली. हे म्हणाले, "आपण चुकून दुसऱ्या दाराची बघितली नाही ना?" दुसरं दार म्हणे! मला घेरीच यायची बाकी होती. कोणीतरी आपल्याला वेड्यात काढतंय एवढं कळत होतं, पण कोण आणि कशासाठी, काही म्हणता काही सुधरेना.

घरी येऊन मी डोकं लढवलं. कुलूप शाबूत म्हणजे किल्लीवाला माणूस. किल्ली एजंटकडे, आणि दुसरी असली तर बाईंकडे. बाईंना दुसरं कोणी गिऱ्हाईक भेटलं असणार. आम्ही कंटाळून आपण होऊन सोडावं म्हणून ही युक्ती! एकदा हे डोक्यात बसल्यावर मी गप्प बसते होय? बाई समोर आल्या त्या दिवशी तोंडावर सुनावलं.

"घर विकायचं नसेल तर सरळ सांगा. ही चोरटी कामं कशाला?"

बाई आधी लाल झाल्या, मग पांढऱ्या. "चोरटी? मी?" म्हणाल्या. "अहो, माझं दार, माझी पट्टी, मीच चोरू? तुम्ही काढताय. तुम्ही! खोट काढायची आणि भाव पाडायचा, मला काय कळत नाही? केस उन्हात पांढरे नाही झाले माझे."

"आम्ही? माझ्या सासूला वारा लागू नये म्हणून मी इथे खेटे घालतेय आणि पट्टी मी काढेन?"

"मला काय माहीत? लोक कशासाठी काय करतील सांगता येतं का?"

हे मध्ये पडले, एजंट मध्ये पडला. सासूबाई कोपऱ्यात स्टुलावर बसून हातातल्या पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या. शेवटी ठरलं ते असं: बाई पुन्हा एकदा, शेवटचं, सगळं लावून घेतील, कुलूप नवीन घालतील, किल्ली स्वतःकडे ठेवतील. सह्यांच्या दिवशी सगळे मिळून आधी दार बघायचं. पट्टी असली तर सही. नसली तर व्यवहार मोडला.

परतताना सासूबाई म्हणाल्या, "मोडला तर मोडला. आपलं आहे ते घर काय वाईट आहे?"

"जिने कोण चढणार, आई?"

"मी कुठे जाते उठसूट?"

"आणि दवाखान्यात न्यायची वेळ आली तर? मागच्या वेळी खुर्चीत बसवून उतरवलं होतं ना चौघांनी?" मला त्या रात्री काळजीने धड जेवण गेलं नाही. दुसरी थंडी तोंडावर आली होती आणि आमच्या हातात घर नव्हतं, नुसतं एक दार होतं आणि तेही धड नव्हतं.

सह्यांच्या दिवशी बाईंनी नवीन कुलूप उघडून एजंटच्या हातात दिलं. सगळे वरातीसारखे बोळात गेलो. पट्टी होती! वर होती, दोन्ही बाजूंना होती, खाली ब्रश होता, सीलंट पांढरंशुभ्र. बाईंनी माझ्याकडे "झालं समाधान?" असं बघितलं, मी दुसरीकडे बघितलं. एजंट सगळ्यांना घेऊन पुढच्या खोलीत गेला, कागद पसरले, थर्मासमधला चहा कपात ओतला. सासूबाई म्हणाल्या, तुमचं चालू दे, मी माझ्या खोलीत बसते.

कागद वाचून होईपर्यंत त्यांचा चहा निवायला लागला. म्हणून मी कप घेऊन मागे गेले.

बोळातलं दार अर्धवट उघडं होतं. त्याला चिकटून सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. एका हातात सफरचंद कापायची छोटी सुरी, दुसऱ्या हातात काळं रबर, आणि ते त्या ओढत होत्या, ओठ घट्ट मिटून, दोरा ओढावा तशा. निघालेली पट्टी मांडीवर गुंडाळी करून ठेवलेली.

चहा सांडला तो माझ्याच पायावर.

"आई!"

"हळू बोल," त्या म्हणाल्या.

"तुम्ही? दर वेळी तुम्हीच?"

"मग काय उंदीर?"

"अहो, पण का? तुम्हाला वारा लागू नये म्हणून मी जिवाचं रान करतेय! त्या बाईंना मी चोर म्हणाले, तोंडावर!"

"ते चुकलंच तुझं. माणसाने जरा विचार करून बोलावं."

असा संताप आला की काय सांगू. पण सुरी पट्टीत अडकून तशीच राहिली होती. मी ती काढून घेतली. त्या माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"पहिल्या दिवशी तू मला आत उभं करून दार लावून बघितलंस. लॅच कुठल्या बाजूला फिरवायचा ते मला कळेना. मी हाक मारली. तुला मारली, त्याला मारली. आधी हळू, मग ओरडून. तुम्ही दोघं इथेच, ह्या बोळात, माझ्यापासून हातभर. कोणाला पत्ता नाही. मग तू दार उघडलंस आणि हसून म्हणालीस, 'बघा आई, कसं शांत आहे!'"

"मला ऐकूच आलं नव्हतं हो."

"तेच म्हणतेय ना मी." त्यांनी मांडीवरची गुंडाळी सोडली आणि पुन्हा घातली. "मला वाटलं, एक दिवस मी अशीच आत पडेन, हाका मारेन, आणि तुम्ही बाहेर म्हणाल, आज आई अगदी शांत आहेत."

"मग सांगायचं ना! तोंड नव्हतं का?"

"कुठल्या तोंडाने सांगू? जो तो म्हणतो, नशीब काढलं, सून न्हाणीघरासकट खोली देतेय. तू नोकरी करून घरं बघत फिरलीस. आणि मी म्हणू, मला नको? मला आपली तुमची भांडी आपटलेली ऐकू आली पाहिजेत, तुमची भांडणं ऐकू आली पाहिजेत? शहाणं म्हणेल का कोणी?"

मी खाली बसले. दिवसभर मी दवाखान्यात फोन उचलते, लोकांची दुखणी ऐकते, आणि घरी आले की वाटतं कोणी बोलू नये माझ्याशी. ते दार मला आवडलं ते नुसतं वाऱ्यासाठी नव्हतं. त्यांना ते पहिल्याच दिवशी कळलं होतं, मला आत्ता कळत होतं, आणि मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

"जा, पलीकडे हो," त्या एकदम म्हणाल्या. "दार लाव. बोल काहीतरी. एवढी काढलीये त्याने भागतंय का बघू."

मी बोळात गेले, दार ओढून घेतलं. "हॅलो," मी म्हटलं. "आई, ऐकू येतंय का?"

"येतंय," आतून बारीक आवाज आला. "पण हे तुझं फोनवरचं झालं. घरातलं बोल. मी समोर नसताना बोलतेस तसं."

मी तिथे गारठ्यात उभी, पायावर चहा, हातात सुरी. काय बोलू? पुढच्या खोलीतून हे हाक मारत होते. त्या दाराने, त्या पट्टीने, त्या बाईने माझा किती जीव खाल्ला होता ते सगळं वर आलं, आणि रोज ओट्यापाशी सासूबाईंच्या नावाने पुटपुटते तसंच तोंडातून गेलं, "काय बाई आहे! डोक्याला नुसता ताप."

आतून हसू फुटलं. इतकं मोकळं हसताना मी त्यांना लग्नापासून ऐकलं नव्हतं. "आलं!" त्या म्हणाल्या. "आलं गं ऐकू! शब्द न् शब्द आला!"

मी दाराला पाठ लावून बोळातल्या गार फरशीवर बसले आणि रडले. चांगली हुंदके देऊन रडले. आत त्यांना तेही ऐकू जात असणार.

तेवढ्यात हे आले, मागोमाग एजंट, त्याच्यामागे शिलाईवाल्या बाई. "काय झालं? पडलीस का?" म्हणत ह्यांनी मला उठवलं, आणि मग सगळ्यांची नजर वर गेली. दाराच्या वरची पट्टी अर्धी लोंबत होती. बाजूची तर नव्हतीच.

एजंटने नवीन कुलूप खिशातून काढून उलटसुलट करून बघितलं.

"अगं, पण आत्ता होती ना?" हे म्हणाले. "सगळ्यांनी बघितली ना आपण? कोणी काढली?"

माझ्या हातात सुरी होती.

"मी," मी म्हटलं.

"तू?"

"मी काढली. दर वेळी मीच काढली." शिलाईवाल्या बाईंकडे बघून बोलायला मला फार जड गेलं, पण बोलले. "तुम्हाला नाही नाही ते बोलले, माफ करा. घर आम्हाला हवंय. ठरलं तेवढ्यालाच हवंय. फक्त ह्या दाराला पट्टी नको. सुताराला सांगून बोळातल्या मागच्या दाराला दुहेरी लावून घ्या, म्हणजे वारा बोळातच येणार नाही."

"बघा!" बाई एजंटला म्हणाल्या. "मी पहिल्यापासून सांगत होते का नाही? पण काढायची तरी कशाला म्हणते मी? आधी पट्टी नाही म्हणून भांडायचं, मग पट्टी नको म्हणून..." त्यांना वाक्य पुरं करता येईना. एजंट माझ्याकडे असा बघत होता की ह्या बाईला घर विकावं की डॉक्टरकडे न्यावं. आणि हे, पंधरा वर्षं माझ्याशी संसार केलेला माणूस, तोंड उघडं टाकून उभे होते.

दार उघडलं. सासूबाई पर्स काखेला लावून बाहेर आल्या. पर्स चांगली फुगलेली होती. त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "मी किती वेळा सांगितलं हिला. दुसऱ्याच्या दाराला असा हात लावू नये म्हणून. पण ऐकेल तर ना."

आणि एवढं बोलून त्यांनी माझं मनगट धरलं. सह्या झाल्या, बाईंचा चहा झाला, आम्ही बसने घरी आलो, तिन्ही जिने चढलो, तरी त्यांनी ते सोडलं नाही.